हट्टी मुरूम : गोळी घ्यावी की थांबावं?

लेखमाला : कळत्या वयातली त्वचा (भाग ६)

मुरमांनी जेरीस आलेलं मूल दवाखान्यात येतं तेव्हा बहुतेक वेळा आईच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. ती टेबलावर रिकामी केली की वर्ष-दोन वर्षांचा इतिहास समोर येतो. अर्धी पिळलेली क्लिंडामायसिनची ट्यूब, कोळशाचा फेसवॉश, मेडिकलवाल्याने ‘हे लावून बघा’ म्हणून दिलेलं मलम, शेजारच्या काकूंनी सांगितलेली मंजिष्ठाची पावडर, ऑनलाइन मागवलेलं सीरम आणि अझिथ्रोमायसिनच्या पट्टीत उरलेल्या दोन गोळ्या. “सगळं करून झालं डॉक्टर, कशाचाच उपयोग नाही,” असं आई म्हणते. मूल मान खाली घालून बसलेलं असतं.

मागच्या भागात मुरूम तयार कसा होतो ते पाहिलं. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, तैलग्रंथी मोठ्या होतात, केसाच्या मुळाशी मृत पेशी चिकटून छिद्र बंद होतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू वाढतात आणि शरीर तिथे दाह निर्माण करतं. चार कारणं, आणि चारही एकाच वेळी चालू असतात. आज पाहायचं ते उपचारांचं. त्यातही साध्या चार पुटकुळ्यांचं नाही, तर महिनोन्‌महिने न हटणाऱ्या मुरमांचं. अशा वेळी समोर तीन-चार पर्याय असतात आणि त्यातला कोणता घ्यायचा हे आई-वडिलांना, मुलाला आणि डॉक्टरांना मिळून ठरवावं लागतं. ठरवताना एक गोष्ट हटकून राहून जाते, असं मला वाटतं. औषधाचे धोके आपण एका पारड्यात घालून नीट मोजतो. दुसऱ्या पारड्यात औषध न घेण्याचे धोके घालायचे असतात, ते पारडं मात्र रिकामंच ठेवतो. मग पहिलं पारडं जड वाटणारच.

पण त्याआधी ती पिशवी.

पिशवीतल्या प्रत्येक ट्यूबबद्दल मी तीन गोष्टी विचारते : किती दिवस लावली, कशी लावली आणि का थांबवली. उत्तरं ऐकली की निम्म्या वेळा लक्षात येतं, मुरूम हट्टी नाहीत, उपचारच पुरते झालेले नाहीत. मुरमांवरच्या कुठल्याही मलमाला दिसेल असा परिणाम करायला आठ ते बारा आठवडे लागतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पहिल्या उपचाराचा टप्पा बारा आठवड्यांचाच धरला आहे. आपल्याकडे ट्यूब दहा दिवस लावतात, चेहरा लाल होतो, सालपटं निघतात, ‘हिला सूट झाली नाही’ असा निकाल लागतो आणि दुसरी येते. अशा पाच ट्यूबा झाल्या तरी प्रत्यक्षात एकही उपचार झालेला नसतो.

लावण्याची पद्धतही बहुतेकांना कोणी नीट दाखवलेली नसते. मुरूम जिथे दिसतो तिथे टिकली लावावी तसं औषध लावतात. अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन ही ‘अ’ जीवनसत्त्वापासून निघालेली औषधं, म्हणजे रेटिनॉइड्स, दिसणाऱ्या मुरमासाठी नसतातच मुळी. पुढच्या महिन्यात जो मुरूम येणार आहे त्याचं बंद छिद्र आज त्वचेखाली तयार होत असतं. ते उघडं ठेवणं हे या औषधाचं काम. म्हणून ते सगळ्या चेहऱ्याला लावायचं. रात्री साध्या सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवायचं, टॉवेलने टिपून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं जेल घ्यायचं, कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी इथे एकेक ठिपका ठेवायचा आणि तो हलक्या हाताने पसरायचा. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. वर साधं मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, आग होत नसेल तर मग रोज. एवढं केलं की सालपटांचा त्रास बराच आटोक्यात राहतो. पहिल्या महिन्यात मुरूम थोडे वाढल्यासारखे दिसू शकतात. ते आधी सांगितलेलं असलं तर मूल टिकतं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ट्यूब पुन्हा पिशवीत जाते.

त्याच पिशवीत एखादी ट्यूब अशी निघते की ती पाहून मी बाकीचं सगळं बाजूला ठेवते. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव तिच्यावर बारीक अक्षरात असतं. ही स्टेरॉइड मलमं. कधी ती खाज-खरजेच्या औषधात मिसळलेली असतात, कधी गोरं करणाऱ्या क्रीममध्ये. लावली की दोन दिवसांत लाली बसते, चेहरा उजळतो, घरातले खूश होतात. महिन्याभरात त्याच मलमाने बारीक एकसारख्या पुटकुळ्या उठतात, त्वचा पातळ होते, उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, मुलींच्या गालांवर लव वाढते. बंद केलं की सगळं दुपटीने उसळतं, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर बरीच वर्षं आरडाओरडा केला. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. तरीही ती गल्लीतल्या दुकानात सहज मिळतात. आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर काय लावलं जातंय हे ट्यूब उलटी करून वाचा, एवढी माझी प्रत्येक पालकाला कळकळीची विनंती आहे. असं मलम बरेच दिवस वापरलेलं असेल तर ते मनाने एकदम थांबवू नका. डॉक्टरांना दाखवा, कारण थांबवल्यानंतरचा उसळणारा काळ आठवडे-महिने चालू शकतो आणि त्यात आधार लागतो.

न हटणाऱ्या मुरमांमागे कधी कधी अशी दुसरीच कारणं लपलेली असतात. बी-१२ ची इंजेक्शनं घेतल्यावर काही जणांना अचानक मुरूम येतात. शाकाहारी घरांत ही इंजेक्शनं आता सर्रास घेतली जातात, त्यामुळे हे विचारावंच लागतं. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड, फिट्सवरची काही औषधं, जिममध्ये कोणी हातात ठेवलेली ‘बॉडी बनवायची’ इंजेक्शनं हीसुद्धा त्या यादीत येतात. कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक टणक दाणे असतील तर डोक्याला चोपडलेलं तेल आणि कपाळावर आलेली बट यांच्याकडे पाहावं. अमेरिकेत केसांना लावायच्या पोमेडमुळे होणाऱ्या मुरमांचं वर्णन १९७० मध्येच झालं आहे, आपल्याकडे तेच काम खोबरेल करतं. तेल सोडायची गरज नाही. अंघोळीच्या आधी लावावं, रात्रभर चोपडून झोपू नये.

आणखी एक फसवा प्रकार मुंबई-कोकणाच्या दमट हवेत वरचेवर दिसतो. कपाळावर, छातीवर, पाठीवर सगळे एकाच आकाराचे बारीक दाणे, आणि त्यांना खाज. हे मुरूम नव्हेत. त्वचेवरच्या मॅलसेझिया नावाच्या यीस्टमुळे केसांच्या मुळांना झालेला तो दाह. यावर अँटिबायोटिक दिलं की तो वाढतो आणि बुरशीविरोधी औषधाने काही आठवड्यांत बसतो. असं मूल वर्षभर डॉक्सिसायक्लिन खाऊन आलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतात ते खरे हट्टी मुरूम.

त्यांच्यासाठी लावायच्या औषधांत दोन नावं पक्की धरावीत. एक अ‍ॅडापलीन, दुसरं बेन्झॉइल पेरॉक्साइड. अ‍ॅडापलीनचं ०.१ टक्क्याचं जेल अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, यावरून त्याच्या सुरक्षिततेचा अंदाज यावा. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणूंना मारतं आणि त्याला जिवाणू सरावत नाहीत, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. जास्त टक्क्यांचं म्हणजे जास्त गुणकारी असं समजून १० टक्क्यांचं घेऊ नये. १९८६ सालच्या एका तुलनेत २.५ टक्क्यांचं जेल दाहक मुरमांवर १० टक्क्यांच्या तोडीचं ठरलं होतं आणि आग मात्र कमी करत होतं. ते कापडाचा रंग उडवतं, म्हणून उशीला पांढरा अभ्रा आणि तोंडाला जुना टॉवेल. ही दोन्ही औषधं एकत्र असलेलं जेलही मिळतं, आणि ज्या मुलाला दोन ट्यूबा सांभाळायचा कंटाळा आहे त्याला मी तेच देते. काळे डाग जास्त असतील, जे आपल्या सावळ्या त्वचेत फारच लवकर पडतात, तर जोडीला अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड चांगलं.

क्लिंडामायसिन एकटं लावणं मात्र थांबलं पाहिजे. काही महिन्यांत जिवाणू त्याला दाद देईनासे होतात आणि तेव्हा ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. लावायचंच असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या सोबतीने.

मुरूम छाती-पाठीवर पसरलेले असतील, पू आणि सूज जास्त असेल, तर पोटातून अँटिबायोटिक द्यावं लागतं. डॉक्सिसायक्लिन हे त्यातलं पहिलं. तीन महिने, फार तर चार, आणि तेही लावायच्या औषधांसोबतच. या गोळीचं पथ्य सोपं आहे, पण ते कोणी सांगत नाही. गोळी पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्याने घेतली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, मग छातीत असं दुखतं की घरचे हार्ट अ‍ॅटॅकच्या भीतीने धावाधाव करतात. लोह, कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांबरोबर ती घेऊ नये. उन्हात त्वचा लवकर भाजते, तेव्हा मे महिन्यात क्रिकेट शिबिर असेल तर आधी बोलावं. आपल्याकडे मुरमांसाठी अझिथ्रोमायसिन सढळ हाताने लिहिलं जातं. इतर गंभीर संसर्गांसाठी ते औषध राखून ठेवायला हवं, या मताची मी आहे.

तीन महिने हे सगळं नीट करूनही गाठी येतच असतील, किंवा आत्ताच खड्डे पडू लागले असतील, तर पुढचं नाव येतं : आयसोट्रेटिनॉइन. आणि इथेच खोलीतली हवा बदलते.

“ही तीच गरम गोळी ना, डॉक्टर? माझ्या जावेच्या मुलीला दिली होती. ओठ फुटून रक्त यायचं तिला. लिव्हर खराब होतं म्हणतात.”

“काकू, ओठ फुटतात हे अगदी खरं आहे. लिव्हरचं आपण रक्त तपासून बघू.”

“नकोच मग. एवढ्याशा पुटकुळ्यांसाठी कशाला? ह्याच्या बाबांनाही होत्या. वयाबरोबर जातील.”

अशा वेळी मी मुलाकडे वळते. अकरावीतल्या एका मुलाने खिशातून कॉलेजचं आयकार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं होतं. त्यावर नववीतला फोटो होता. नवीन काढायला तो तयारच झाला नव्हता. आईला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या जबड्यावर तीन गाठी होत्या, दाबल्या की दुखणाऱ्या, आणि डाव्या गालावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे अरुंद खोल खड्डे पडायला सुरुवात झाली होती. बाबांच्या गालावरही तसेच खड्डे होते.

या औषधाची खरी ओळख करून घेऊ. गॅरी पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कशालाही दाद न देणारे, गाठींचे मुरूम असलेल्या चौदा रुग्णांना त्यांनी हे औषध दिलं होतं. तेरा जणांचे मुरूम पूर्ण गेले, आणि औषध थांबवल्यावरही गेलेलेच राहिले. मुरमांच्या उपचारात असं कधी झालं नव्हतं. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. मुरमांच्या चारही कारणांवर काम करणारं हे आजवरचं एकमेव औषध. ते तैलग्रंथीच लहान करतं. साधारणपणे दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि सगळा मिळून किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम होईपर्यंत ते देतात. म्हणजे पाच-सहा महिने, कमी मात्रेत दिलं तर जास्त. मध्यम तीव्रतेच्या मुरमांना आपल्याकडे रोज १० किंवा २० मिलिग्रॅमवरही चांगलं यश येतं आणि त्रास कमी होतो. जेवणात थोडं तूप-तेल असेल तर ते नीट शोषलं जातं, म्हणून रात्री जेवणाबरोबरच घ्यावं, उपाशीपोटी नको.

त्रास काय होतात? ओठ कोरडे पडतात, जवळजवळ प्रत्येकाला. खिशात व्हॅसलिनची डबी ठेवावी लागते. नाक कोरडं पडून काहींचा घोळणा फुटतो. डोळे चुरचुरतात, लेन्स लावणाऱ्यांना जास्त. मैदानावर खूप खेळणाऱ्या मुलांचे स्नायू आणि पाठ दुखू शकते. रात्री कमी दिसण्याचा त्रास क्वचित होतो, तेव्हा एनडीएची तयारी करणाऱ्या मुलाने हे डॉक्टरांना आधीच सांगावं. रक्तातली चरबी आणि यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणून सुरू करण्याआधी आणि मग एक-दोन महिन्यांनी तपासणी करतात. बहुतेकांत काही निघत नाही, निघालं तर मात्रा कमी करून किंवा थांबवून ते पूर्ववत होतं. डॉक्सिसायक्लिन आणि ही गोळी एकत्र कधीही घ्यायची नाही, कारण डोक्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. डोकेदुखी आणि धूसर दिसणं सुरू झालं तर लगेच थांबवायचं. चेहऱ्यावर वॅक्सिंग नको, औषध थांबल्यावर सहा महिनेही नको, सालासकट कातडी निघते. वाढीच्या हाडांवरचे परिणाम दुर्मीळ आहेत, तरी बारा वर्षांखाली ती सहसा देत नाहीत.

‘गरम पडते’ या शब्दांत लोक कोरडेपणाचं वर्णन करतात आणि ते काही खोटं नाही. पण गुलकंद किंवा सब्जा घेऊन तो कोरडेपणा जात नाही. ओठांना मलम, डोळ्यांत थेंब आणि गरज असेल तर कमी मात्रा, हाच त्याचा उपाय.

एक धोका मात्र असा आहे की तिथे तडजोड नाही. गरोदरपणात हे औषध पोटात गेलं तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात आणि कानांत गंभीर व्यंग निर्माण होतं. अमेरिकेने २००६ पासून त्यासाठी ‘आयप्लेज’ नावाची वेगळी नोंदणी व्यवस्था सुरू केली. नोंद आणि गर्भचाचणी झाल्याशिवाय मुलींना तिथे गोळी मिळत नाही. आपल्याकडे अशी यंत्रणा नाही, म्हणून ही जबाबदारी डॉक्टर आणि घर यांच्यावर येते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीसमोर हा विषय काढला की खोलीत अवघडलेपणा येतो. आई म्हणते, “अहो, आमच्या घरात तसलं काही नाही.” तरीही मी तो काढते, आणि मुलीशी काही वेळ एकटीशी बोलते. औषधाच्या आधी एक महिना, औषध चालू असताना आणि थांबल्यावर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. लग्न ठरलंय म्हणून चेहरा स्वच्छ हवा अशी घाई असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. महिन्यानंतर औषध शरीरात उरत नाही आणि पुढे मूल होण्यात त्याचा काहीही अडथळा येत नाही. गोळी मैत्रिणीला द्यायची नाही, आणि कॉलेजच्या रक्तदान शिबिरात मुलग्यांनीही औषध चालू असताना व पुढे महिनाभर रक्त द्यायचं नाही. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.

मनावर होणाऱ्या परिणामाची भीती मोठी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. ब्रिटनने २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना ही गोळी सुरू करण्यासाठी दोन तज्ज्ञांची संमती लागेल असा नियम घातला, तो याच काळजीतून. दुसरीकडे स्वीडनमधला एक अभ्यास आहे. १९८० ते १९८९ या काळात ही गोळी घेतलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून तो २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण उपचारानंतरच्या सहा महिन्यांत सर्वाधिक होतं खरं, पण ते वाढायला लागलं होतं गोळी सुरू होण्याच्याही आधी, मुरूम तीव्र असतानाच. मला यातून दोन गोष्टी दिसतात. गोळी चालू असताना आणि संपल्यावरही काही महिने मुलाच्या झोपेकडे, चिडचिडीकडे, गप्प राहण्याकडे घराचं लक्ष हवं, आणि तसं काही वाटलं तर त्याच दिवशी फोन करायचा. दुसरं, मुरमांनी पोळलेल्या मुलाला ‘एवढंसं काय त्यात’ म्हणणं थांबवायला हवं.

रिकाम्या पारड्यात घालायचं ते हेच आहे. खड्डा पडला की तो जन्मभराचा असतो. लेझर, सबसिजन, पील असे महागडे उपचार करूनही तो उथळ होतो, पूर्ण जात नाही. काळा किंवा लाल डाग वेगळा, तो काही महिन्यांत फिका होतो. घरात दोन्हींना ‘डाग’च म्हणतात आणि त्यामुळे ‘जातील डाग’ म्हणत खड्ड्यांनाही वाट पाहायला लावतात. बोट फिरवून बघा. सपाट असेल तर डाग, खोल लागलं तर खड्डा. खड्डे पडू लागलेत म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीच्या २०२४ च्या सूचनाही तेच सांगतात : मुरूम तीव्र असतील, व्रण पडत असतील, मनावर ओझं येत असेल किंवा नेहमीचे उपचार अपुरे पडले असतील तर आयसोट्रेटिनॉइनचा विचार करावा.

त्या मुलाच्या आईने शेवटी विचारलं, “मग तुमचा मुलगा असता तर?” मी ‘दिली असती’ असं सांगितलं, आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

मुलींच्या बाबतीत आणखी एक वाट असते. मुरूम जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर येतात, पाळीच्या आधी उसळतात, पाळी दोन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस येतात, तेव्हा पीसीओएसचा विचार करावा. मात्र घाईने सोनोग्राफी करून ‘गाठी आहेत’ असा शिक्का मारू नये. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, कारण त्या वयात बीजकोश तसे दिसणं स्वाभाविक असतं. गरजेनुसार संप्रेरकांच्या एकत्रित गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देतात आणि त्या गुणकारी असतात. ‘कुटुंब नियोजनाच्या गोळ्या’ हे नाव ऐकून आई-वडील हबकतात. त्या इथे मुरमांवरचं औषध म्हणून दिल्या जातात हे त्यांना समजावून सांगावं लागतं. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसणाऱ्या मुलींना किंवा घरात रक्ताच्या गुठळ्यांचा आजार असलेल्यांना त्या देत नाहीत.

खाण्याबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये १५ ते २५ वयाच्या मुलग्यांवर बारा आठवड्यांचा एक प्रयोग झाला; साखर पटकन वाढवणारं खाणं कमी केलेल्या गटाचे मुरूम जास्त कमी झाले. दुधाबद्दलचे पुरावे कच्चे आहेत, व्हे प्रोटीनबद्दल मात्र मी मुलांना स्पष्ट सांगते की तीन महिने डबा बंद ठेवून बघ. वडा-पावाने किंवा आंब्याने मुरूम येतात असं म्हणून मुलाच्या ताटावर पहारा ठेवू नये. आणि चेहऱ्यावर लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांतलं काहीही लावू नये. लिंबू लावून उन्हात गेलेल्या मुलींचे भाजल्यासारखे काळे चट्टे उतरायला महिने लागतात.

पील आणि कॉमेडोन काढणं हे जोड-उपचार आहेत, मुख्य औषधाच्या जागी त्यांची पॅकेजं घेऊ नयेत. एकुलती दुखरी गाठ आणि चार दिवसांवर समारंभ असेल तर त्या गाठीत अगदी सौम्य स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं, दोन-तीन दिवसांत ती बसते. हे तज्ज्ञाच्याच हातून, कारण जास्त दिलं तर तिथे खड्डा पडतो.

पैशांची अडचण असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, ससून असो, जे.जे. असो की नागपूरचं मेडिकल, त्वचारोग विभागाची ओपीडी चालते आणि यातली जवळजवळ सगळी औषधं तिथले डॉक्टर रोज लिहितात. विभागाच्या पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ लिहिलेलं असतं, ते वाचून काही मुलं दारातून परत फिरतात. पालकांनी सोबत जावं.

काही खुणा दिसल्या तर मात्र बारा आठवड्यांचं कुठलंही गणित लावत बसू नका. मुरूम अचानक भराभर वाढून फुटू लागले, त्यांवर रक्ताळलेल्या खपल्या धरल्या, सोबत ताप आणि सांधेदुखी आली, तर तो अ‍ॅक्ने फुलमिनान्स हा दुर्मीळ प्रकार असू शकतो. तो बहुधा किशोरवयीन मुलग्यांना होतो, कधी आयसोट्रेटिनॉइन एकदम मोठ्या मात्रेत सुरू केल्यानेही. म्हणूनच आम्ही गोळी कमी मात्रेने सुरू करतो. अशा मुलाला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्यावं.

आणि मुरूम गेले की जेल बंद करू नका. गोळीचा कोर्स संपल्यावरही काहींना वर्षभरात मुरूम परत येतात, क्वचित दुसरा कोर्स लागतो. आठवड्यातून दोन-तीन रात्री अ‍ॅडापलीन चालू ठेवलं तर बहुतेकांचं त्यावर भागतं.

पुढच्या भागात : पडलेल्या खड्ड्यांचे प्रकार, आणि कोणत्या खड्ड्याला कोणता उपचार लागू पडतो.